पदकामागची भूक

२०२० च्या ऑगस्टमध्ये खो-खोपटू सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) जिल्ह्यात आनंदीआनंद होणे स्वाभाविक होते. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. पुरस्कार जाहीर झाला त्या वेळी त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. सत्कार झाले, हारतुरे झाले. परंतु त्याच सुमारास त्यांनी वार्ताहरांना जे सांगितले, त्याकडे सत्काराच्या गर्दीत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवावयास मिळत असे. वडील अपंग, आई शिवणकाम व घरकाम करणारी, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चाललेले. खेळाडूला लागणारा आहार त्यांच्या वाट्याला आला तो केवळ शिबिरांच्या दिवसांत.

या हकिकतीला वृत्तपत्रांनी ‘जिद्दीची कहाणी’ म्हटले. जिद्द होतीच, याविषयी वाद नाही. पण एका मुलीने दहा वर्षे एकवेळ जेवून देशाला पदक मिळवून द्यावे, ही ज्या समाजाला अभिमानाची गोष्ट वाटते, त्या समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. ज्या मुली एकवेळच्या जेवणावर मैदानात टिकू शकल्या नाहीत, ज्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चक्कर येऊन खाली बसल्या आणि मग घरीच राहिल्या, त्यांची गणती कोणी केली? भूक कोणाला घडवीत नाही. भुकेला न जुमानता जी एखादी घडते, तिच्या नावावर भुकेचे पाप धुऊन काढण्याची सोय मात्र सर्वांना होते.

उपदेश आणि वस्तुस्थिती

मुलांनी काय खावे व किती खेळावे, याविषयी उपदेशाचे सध्या पेव फुटले आहे. पालेभाजी द्या, फळे द्या, तळलेले देऊ नका, मोबाइल काढून घ्या, रोज तासभर खेळू द्या. यातील एकही वाक्य खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी, असे सांगते. प्रश्न आहे तो हा उपदेश कोणाला केला जातो याचा.

याच जिल्ह्यातील ढोकी घ्या. तेरणेच्या खोऱ्यातील हे बाजारपेठेचे गाव. लातूर रेल्वेमार्गावरील स्थानक. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा मराठवाड्यातील जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक, तो येथे उभा राहिला. त्याच्या चिमणीच्या धुराबरोबर ढोकी परिसरात पैसा खेळू लागला, आणि अनेक वर्षे तो बंद पडून राहिला तेव्हा त्या पैशावर अवलंबून असलेली घरे कशी कोलमडली, हे त्या परिसराने पाहिले आहे. अशा गावातील शेतमजूर बाई पहाटे उठून भाकरी थापते, रोजाने जाते, अंधार पडता परतते. तिच्या मागे रडणाऱ्या पोराच्या हातावर ती पाच रुपये ठेवते. पाच रुपयांत पेलाभर दूध येत नाही, धड एक फळ येत नाही. टपरीवर टांगलेली कुरकुरीत पुडी मात्र येते. ही त्या आईची हयगय नव्हे. मुलाचे रडे थांबवावयास पाच रुपयांत काय मिळावे, हे बाजाराने ठरवून ठेवले आहे. तिला आहारशास्त्राचे पत्रक वाचून दाखविणे हा केवळ उद्धटपणा आहे.

ताटातून काय गेले

मराठवाड्याच्या या भागाचे जुने अन्न गरिबाचे असले तरी निःसत्त्व नव्हते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचे माडगे, करडईची व अंबाडीची भाजी, हंगामात हुरडा. जमिनीत जे येई ते ताटात येई. पुढे पाणी असेल तेथे ऊस आला आणि कोरडवाहूत सोयाबीन आले. दोन्ही पिके विकण्याची आहेत. प्रथिनांनी भरलेले सोयाबीन पोत्यात भरून आडतीवर जाते आणि ते पिकविणाऱ्याच्या मुलाच्या अन्नात प्रथिने कमी पडतात, यापरता विपर्यास तो कोणता? ज्वारीची जागा शिधावाटपातील गहू-तांदळाने घेतली. पोट भरले, पण ताट रिकामे झाले.

येथे जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. भूमिहीनांच्या, दलितांच्या घरी हे सारे पदार्थ एकाच ताटात क्वचितच जमत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांनी परदेशी मिलोच्या भाकरी खाल्ल्या आणि त्यांच्या मुलांच्या हातावर सुकडी पडली, ती या भागातील वयस्कांच्या अजून स्मरणात आहे. पण त्या आठवणीतच एक धडा आहे. दुष्काळी कामे, रोजगार हमी, सुकडी यांतील काहीही केवळ सरकारच्या कनवाळूपणातून आले नव्हते. मोर्चे निघाले, घेराव झाले, शहरात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मुलाच्या पोटातील घास हा राजकारणाचा विषय आहे, हे त्या पिढीला शिकवावे लागले नाही.

सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे

१९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत सांगितले की देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात. सरकारपक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. त्या वादाने राज्यकर्त्यांना गरिबाच्या रोजच्या खर्चाचा हिशेब सभागृहात मांडावयास भाग पाडले, हे त्याचे मोल. आज तसाच एक आकडा मांडला जावयास हवा. शालेय पोषण आहारासाठी धान्य सोडून डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधन यांकरिता प्राथमिक शाळेतील मुलामागे दररोज ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे, असा दर केंद्राने मे २०२५ पासून ठरविला. एवढ्या पैशांत प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर वरच्या वर्गातील मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने द्यावयाची आहेत. ज्यांना हे दर पुरेसे वाटतात, त्यांनी ढोकीच्या बाजारात डाळीचा व तेलाचा भाव विचारून पाहावा.

हे जेवणही सहजासहजी मिळालेले नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला राष्ट्रीय योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मुलांच्या हाती महिन्याला तीन किलो तांदूळ ठेवण्यापुरती ती होती. शिजविलेले अन्न शाळेत मिळावे यासाठी लोकस्वातंत्र्य संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश व्हावा लागला. म्हणजे आज ज्या खिचडीला नावे ठेविली जातात, ती खिचडीसुद्धा झगडून मिळविलेली आहे. तिला नावे ठेवून भागणार नाही; ती अधिक सकस करण्यासाठी झगडावे लागेल.

या झगड्याचे पुढचे पाऊल होते अंडे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. लहान मुलाच्या शाळेतील जेवणाच्या ठरलेल्या प्रथिनांपैकी निम्मी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे व न खाणाऱ्यास केळे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच सरकारने अंड्यासाठीचा निधी काढून घेतला आणि द्यावयाचेच असेल तर शाळांनी लोकवर्गणी काढावी, असे सुचविले. ज्या गावात पालकांजवळ अंड्याला पैसे नाहीत म्हणून शाळेत अंडे हवे, त्याच पालकांकडे वर्गणी मागावयाची! मुंबई-पुण्याच्या शाळेत कदाचित वर्गणी जमेल; ज्या वस्तीला अंड्याची सर्वांत अधिक गरज, तेथेच ती जमणार नाही.

अंड्याने काहींच्या धर्मभावना दुखावतात, असा आक्षेप घेतला जातो. ज्याला खावयाचे नाही त्याने खाऊ नये. त्याच्या ताटात केळे, दूध, शेंगदाण्याचा लाडू असावा, आणि तोही तितक्याच तोलाचा असावा. परंतु न खाणाऱ्याच्या भावनेसाठी खाणाऱ्याचे पोषण काढून घेणे याला सहिष्णुता म्हणत नाहीत. तमिळनाडूत कामराजांनी १९५६ मध्ये शाळेतील भोजन सुरू केले, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते विस्तारले, आणि पुढे तेथे शाळेच्या दिवसाला अंडे देण्यापर्यंत मजल गेली. तमिळनाडूच्या जमिनीत सोने निघाले म्हणून हे झाले नाही. मुलांचे जेवण काढून घेणारा पक्ष निवडून येणार नाही, एवढी जाणीव तेथील मतदाराने राज्यकर्त्यांना करून दिली म्हणून झाले.

हे अन्न शिजविणाऱ्या बाईचा विचार तर त्याहूनही कमी होतो. केंद्राने २००९ मध्ये तिचे मानधन महिना १००० रुपये ठरविले, तेही वर्षातून दहा महिने. राज्याने भर घालून ते २५०० पर्यंत नेले. मानधन हा शब्द मोठा धूर्त आहे. मान दिल्याचे दाखवून धन चुकविण्याची सोय त्यात आहे. जी बाई शंभर मुलांना जेवू घालते, तिच्या स्वतःच्या मुलाच्या ताटात काय असेल, हे कोणीही ताडू शकेल.

अंगणवाडीतील आहाराचीही हीच गत. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालविकास योजनेतील पुरवठ्यात ठेकेदार नकोत असे बजावले. तरीही महाराष्ट्रात बड्या पुरवठादारांना धार्जिण्या ठरणाऱ्या अटींच्या निविदा निघाल्या आणि त्या २०१९ मध्ये न्यायालयाला रद्द कराव्या लागल्या. गावातील बचत गटाने गावातील ज्वारी-डाळ घेऊन गावातील मुलांसाठी अन्न शिजवावे, ही साधी गोष्ट या व्यवस्थेला इतकी अवघड का वाटते, हे आता सांगावयास नको.

परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुरट्या वाढीच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के भरले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतील रक्तक्षय ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेला. देशातील सर्वांत संपन्न गणल्या जाणाऱ्या राज्याची ही कमाई आहे.

फडातली मुले

शाळेतील जेवण कितीही सुधारले तरी एक मोठा समूह त्याच्या बाहेर राहतो. दसरा-दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल फेडावयाची असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्याबरोबर मूलही जाते. कारखान्याच्या तळावर कोपीत राहणे, पहाटे फडात जाणे, धाकट्याला सांभाळणे, वाढे गोळा करणे. हे मूल दिवसभर राबते, तेव्हा त्याला ‘हालचाल’ पुरेशी मिळते असे कोणी म्हणू शकेल! पण राबणे म्हणजे खेळणे नव्हे. खेळात शरीर घडते, कारण त्यामागे अन्न व विसावा असतो. उपाशी राबण्यात ते झिजते.

या मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते, त्याच्या वाट्याचा तांदूळ तेथे येतो आणि ते मात्र दोनशे-तीनशे किलोमीटरवर असते. मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. साखरशाळांचे प्रयोग झाले. परंतु जेथे मूल तेथे जेवण, हे तत्त्व अजून रुजलेले नाही. शिधापत्रिका देशात कोठेही चालावी अशी व्यवस्था सरकारला करता आली. मग धाराशिवचे मूल सांगली-कोल्हापूरच्या फडाजवळील शाळेत दुपारी जाऊन बसले, तर त्याला विनाचौकशी ताट मिळावे, एवढी व्यवस्था का होऊ नये? आणि ज्या साखरेवर कारखाने, बँका व राजकारणे उभी राहिली, त्या साखरेने आपल्या तळावरील मुलाच्या दुधाचा भार का उचलू नये?

मैदान कोणाचे

अन्नाचा प्रश्न जसा आईवर ढकलला जातो, तसा खेळाचा प्रश्न मोबाइलवर ढकलला जातो. मोबाइल आला तो रिकाम्या जागेत आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. मात्र त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पट असेल तरच शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे; पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी तेवढीही नाही. ज्या वयात पाय पळावयास शिकतात, त्या वयात पळविणारा कोणी नाही. वेळापत्रकातील खेळाचा तास पुढे गणिताला वा शिष्यवृत्तीच्या तयारीला जातो, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. गावाचे मोकळे मैदान अतिक्रमणाला, मंडपाला, नाही तर मालमोटारी उभ्या करावयास जाते.

मुलींच्या बाबतीत हा अन्याय दुहेरी होतो. मुलगा सांजच्याला बाहेर असतो. मुलगी पाणी भरते, धाकट्याला घेते, चूल पेटविते. ताटातही तिचा क्रमांक शेवटचा. धाराशिव जिल्ह्याने खो-खोत नाव कमावले ते याच पार्श्वभूमीवर. या खेळाला दोन खांब व सपाट जमीन पुरते. महागडी बॅट नको, बूट नसले तरी चालते. म्हणूनच तो गरिबाच्या मुलीचा खेळ झाला. सारिका काळे यांना लहानपणी मैदानावर नेले ते त्यांच्या खो-खो खेळणाऱ्या मामा-काकांच्या पिढीतील एका नातेवाइकाने. घरात कोणी तसे नसते तर? प्रत्येक मुलीला मैदानाकडे नेणारा नातेवाईक असतोच असे नाही. त्यासाठी शाळा असावी, गाव असावे, संघटना असावी.

त्यांच्या कथेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शिबिराविषयीचे आहे. शिबिरात पुरेसे अन्न मिळे. म्हणजे अन्न आणि खेळ एकत्र आणता येतात, हे या समाजाला ठाऊक आहे. पण त्यासाठी मूल आधी निवडले गेले पाहिजे. पदकाची शक्यता दिसली की ताट वाढले जाते. समाजवादी दृष्टी याच्या नेमकी उलट असावयास हवी. प्रत्येक मुलाला ताट व प्रत्येक मुलाला मैदान. त्यातून पदके आली तर आनंद, न आली तरी सशक्त माणसे येतील.

कार्यकर्त्यांपुढील काम

निवेदने देण्याने हे होणार नाही, आणि निवेदनांशिवायही होणार नाही. अंड्याचा निधी राज्याने द्यावा, दर बाजारभावाशी जोडावा, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना किमान वेतन मिळावे, स्थलांतरित मुलाला जेथे असेल तेथे जेवण मिळावे, प्राथमिक शाळांना शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मिळावा, या मागण्या पंचायत समितीपासून विधानसभेपर्यंत रेटाव्याच लागतील. परंतु त्याआधी कार्यकर्त्याने आठवड्यातून एक दुपार शाळेत जाऊन मुलांच्या पंगतीत बसावे. डाळ किती पातळ आहे हे अहवालातून कळत नाही, वाटीतून कळते. अंगणवाडीतील वजनकाटा चालतो की नाही, शाळा व्यवस्थापन समितीत मजुराची बाई बोलते की नाही, ऊसतोडीला निघालेल्या घरांतील किती मुले मागे राहू शकतील, याची यादी गावोगाव तयार व्हावी.

आणि संध्याकाळी मैदान उघडावे. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली, ती काही व्याख्यानांनी झाली नाही. रोज सायंकाळी मैदानावर जमणाऱ्या, सर्व जातींच्या मुलामुलींनी एकत्र खेळलेल्या खेळांनी झाली. ती परंपरा जेथे विझली आहे तेथे ती पुन्हा पेटविण्यास कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. दोन खांब, चुन्याची फक्की, तासभर वेळ, आणि खेळ संपल्यावर मूठभर भाजलेले शेंगदाणे व गूळ. एवढ्याने कुपोषण हटणार नाही, हे खरे. पण ज्या गावात मुले रोज सर्वांच्या डोळ्यांपुढे खेळतात, त्या गावाला कोणते मूल लवकर दमते हे दिसू लागते. आणि जे दिसते त्याविषयी प्रश्न विचारला जातो.

ढोकीपासून जवळच तेर आहे, संत गोरोबाकाकांचे गाव. नामात रंगून चिखल तुडविताना पायाखाली आपलेच मूल आले, ते त्यांना कळले नाही, ही कथा या परिसरात प्रत्येक घरी सांगितली जाते. गोरोबा विठ्ठलात रंगले होते. आजचे राज्यकर्ते विकासाच्या गजरात रंगले आहेत, आणि चिखल तुडविला जातो आहे. कथेत विठ्ठलाने मूल परत दिले. कोवळ्या वयात खुंटलेली वाढ मात्र पुढे कोणी पुरती भरून देऊ शकत नाही. म्हणून गजर थांबवून पायाखाली पाहण्याची वेळ आत्ताच आहे.